पन्नास पावलांचा उकिरडा

माझ्याकडं असलेल्या गावांत मला 'उकिरडावाल्या बाई' म्हणतात. नेमणूक कृषी सहायक म्हणून आहे. बियाणं, पीकविमा, पंचनामे, सगळंच गळ्यात आहे. पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते एवढंच. दर उन्हाळ्यात मी देवळापुढं माणसं गोळा करते आणि तेच पुराण लावते: शेणखताचा ढीग ओढ्याच्या, विहिरीच्या काठावर घालू नका, लांब घाला. मधे गवताचा पट्टा सोडा, त्यावर नांगर घालू नका. पाऊस आला की ढिगातलं काळं पाणी उतारानं खाली येतं, ते गवतात अडू द्या, मुरू द्या. लोक माना हलवतात, चहा पाजतात, आणि माझी स्कूटी वेशीबाहेर पडली की शेणाची पाटी परत तिथंच ओततात.

अशाच एका बैठकीत एक म्हातारा उठला. अहमदपूरच्या बाजारात जनावरांची दलाली करून पांढरा झालेला माणूस. म्हणाला, "बाई, तुमचं समदं खरं हाय. फकस्त एक सांगा. तुमच्या घरचा उकिरडा कुठं हाय?"

सगळी बैठक हसली. त्याला माहीत होतं, म्हणूनच विचारलं होतं. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' असं तो तोंडावर म्हणाला नाही, एवढा सभ्यपणा. मी घरी गेले ती फणफणतच.

आमचा उकिरडा ओढ्याच्या काठावर होता. अगदी काठावर; पाटी जरा जोरात रिकामी केली तर शेण पाण्यातच पडायचं. आणि ओढ्याच्या पलीकडं, थोडी खालच्या अंगाला, काकूची विहीर.

काकू म्हणजे माझ्या नवऱ्याची चुलती, माझ्या सासूची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही आता नाहीत. ते असतानाच वाटणी झाली. मोजणीवाला फीत घेऊन आला, दिवसभर शेतात फिरला आणि संध्याकाळी एका घराची दोन घरं करून गेला. गोठा आमच्याकडं आला, विहीर काकूकडं गेली. सासूचं म्हणणं, विहीर माझ्या नवऱ्यानं खांदली. काकूचं म्हणणं, खालचा दगड माझ्या नवऱ्यानं फोडला. दोन्ही खरं असणार. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पुढं आम्ही बोअर घेतला, आणि आत्याबाईंनी (सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात) त्या विहिरीचं पाणी पुन्हा तोंडात घेतलं नाही. शेण मात्र वाटणीच्या आधी जिथं पडत होतं तिथंच पडत राहिलं.

बोलत नव्हत्या म्हणजे गप्प होत्या असं कुणी समजू नये. या काठावरून आत्याबाई म्हशीला बोलायच्या, त्या काठावरून काकू शेळीला. "दुसऱ्याचं खाऊन बी पोट भरंना का गं तुझं?" असं आत्याबाईंनी म्हशीला विचारलं की पलीकडं शेळीला उत्तर मिळायचं, "ज्यानं त्यानं आपल्या दावणीचं बघावं गं बाई." म्हैस आणि शेळी, दोघी बिचाऱ्या निर्दोष. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याही एकमेकींकडं बघेनाशा झाल्या होत्या असं मला वाटायचं.

काकू शेतात एकटी राहायची. मुलगा लातूरला, एका क्लासच्या हापिसात कामाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दर सणाला तो यायचा आणि म्हणायचा, "चल." आई एकटी शेतात राहते याचा त्याला घोर होता, त्यात खोटं काही नव्हतं. काकूचं उत्तर ठरलेलं. "माझ्या विहिरीचं पाणी चांगलं हाय तवर मी इथंच. पाणी नासलं की तुझ्या माळ्यावर येते. शब्द हाय माझा." रोज सकाळी ती ताजं पाणी शेंदायची, अंघोळ करायची, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्याच पाण्यानं पूजा करायची आणि मग चहा. विहीर गेली तर तिची सकाळच गेली असती.

पावसाळ्यात दोन-चार दिवस ते पाणी पिवळं पडायचं, वास मारायचं. ती फडक्यानं गाळायची, उकळायची, आणि मुलाला सांगायची नाही. मला मात्र एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, वरचं शेण जरा सरकव की. त्या पोराच्या नजरंला आलं तर नेतंय मला. तुझ्या सासूला मी सांगितलं असतं, पर आमचं बोलणं न्हाई." मी हो म्हणाले. हो म्हणून दोन पावसाळे गेले होते.

म्हाताऱ्यानं माझं हसं केलं त्या दिवशी मात्र मी येऊन आत्याबाईंपुढं उभी राहिले. इथं एक कबूल करते. बैठकीत मी साहेबालाही उलट बोलते, पण आत्याबाईंपुढं माझा आवाज निम्मा होतो. आमच्या घरात मतं दोनच, एक आत्याबाईंचं आणि दुसरं चुकीचं. माझा नवरा जन्मापासून पहिल्या मताचा.

"उकिरडा हालवायचा?" आत्याबाई म्हणाल्या. "लक्ष्मी हाय ती. दिवाळीला दिवा लावतो आपण तिथं. बारा वर्षांनी उकिरड्याचा बी पांग फिटतो म्हणतेत, आन् तू त्याला उठवून राहिलीस?"

मी चार दिवस भुणभुण लावली. गावातले लोक मला हसतात, म्हणाले. हे बरोबर लागलं. आमच्या घरच्या माणसाला हसायचा हक्क आत्याबाई बाहेरच्याला देत नाहीत, तो त्यांचा. त्या तयार झाल्या. वैशाख होता, खत शेतात वाहून झालं होतं, खड्डा रिकामा. जागा बदलायची तर तेव्हाच. मी हापिसातून आणलेली फीत काढली.

"फीत न्हाई." त्या जागच्या हलल्या नाहीत. "मागं ह्या जमिनीला फीत लावली आन् घर फुटलं. मी हाय तवर फीत लागायची न्हाई. पावलांनी मोजायचं."

"बरं. मी मोजते."

"तू कशाला? जिचा उकिरडा तिची पावलं."

आता आत्याबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांचं एक पाऊल म्हणजे माझी वीत. हापिसच्या कागदात पाण्यापासून जेवढे मीटर सांगितले होते त्यांची मी माझ्या चालीनं पन्नास पावलं धरली होती, आणि मूर्खासारखा तो आकडा बोलूनही गेले होते. "पन्नास ना? टाकते की पन्नास," म्हणत त्या चपला काढून ओढ्यात उतरल्या.

"आत्याबाई, काठापासून मोजायचं असतं."

"तुझ्या कागदात काय लिवलंय? पाण्यापासून. पाणी कुठंय?"

वैशाखात आमचा ओढा म्हणजे बैलगाडीची वाट. मधोमध म्हशीला लोळायला पुरेल एवढं एक डबकं राहतं. आत्याबाईंनी त्या डबक्यात अंगठा बुडवला आणि तिथून एक म्हणाल्या.

पलीकडं काकू शेळीचं दावं धरून उभी होती. ती शेळीला म्हणाली, "ओढा कुठवर येतो ते बाभळीला इचारावं गं. शहाणी माणसं बाभळीपासून मोजतेत."

बाभूळ आमच्याच अंगाला, बरीच वर. तिच्या फांद्यांत जुन्या पुरानं आणलेला काडीकचरा आणि चिंध्या अडकलेल्या. मी ते बघितलं. बघितलं आणि मान वळवली. आत्याबाई तिसाच्या पुढं गेल्या होत्या, घामानं डबडबल्या होत्या, आणि लग्नापासून पहिल्यांदा माझं काही ऐकत होत्या. म्हटलं, आता तोंड उघडलं तर एवढंही हातचं जाईल. पन्नासावं पाऊल पडलं ते बाभळीच्या अलीकडंच, ओढ्याच्या बाजूला. तिथं खड्डा झाला.

खड्डा आणि ओढा यांच्यामधे गवताचा पट्टा सोडायचा होता. नवरा म्हणाला, "पडीक ठेवलं तर गाव हसंल." मी म्हणाले, हसू दे. त्यानं पट्टा सोडला, आणि पेरणीच्या वेळी दोन्ही अंगांनी औताचा एकेक तास आत घातला. बांध कोरायची सवय हाताला लागलेली. इथं कोरायला शेजाऱ्याचा बांध नव्हता तर या पठ्ठ्यानं स्वतःचाच पट्टा कोरला. राहिलं ते गवत शेळीच्या एका जेवणाचं.

तरी मी पाटी रंगवून आणली. 'पाणी व शेणखत यांत सुरक्षित अंतर ठेवा.' खड्ड्याशेजारी रोवली, पाटीला हात लावून फोटो काढला आणि हापिसच्या ग्रुपवर टाकला. साहेबांनी टाळ्या पाठवल्या. त्या म्हाताऱ्याच्या घरी तर मी मुद्दाम वाकडी वाट करून गेले आणि मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला.

"बाई, बाभूळ खड्ड्याच्या मागं कामून हाय?"

"काका, तुम्ही पाटी वाचा," मी म्हणाले.

जून, जुलै, ऑगस्ट आमच्याकडं ढग नुसते येऊन बघून जातात. त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस आला तो तीन दिवस हटलाच नाही. तिसऱ्या सकाळी ओढा बाभळीला टेकला होता. पाणी ओसरल्यावर आम्ही खाली गेलो तर खड्डा चाटूनपुसून साफ. शेण, मूत, कुजलेला कडबा, काही म्हणता काही राहिलं नव्हतं. पाटीसुद्धा नव्हती.

पाटी काकूच्या विहिरीत सापडली. विहिरीचा कठडा बुटका, पूर वरून गेला होता. आत काळं पाणी, त्यावर शेणाचा फेस, आणि मधोमध माझी पाटी उताणी तरंगत होती. सुरक्षित अंतर ठेवा. रंग चांगला वापरला होता मी, एक अक्षर गेलं नव्हतं.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. मग कठड्याशी उभी असलेली काकू दिसली.

रस्ता सुरू झाल्याबरोबर दुपारी तिचा मुलगा लातूरहून आला. तोवर काकूनं त्यातलंच हंडाभर पाणी काढून, लुगड्याच्या सहा पदरांतून गाळून, तुरटी फिरवून कळशीत भरून ठेवलं होतं. तरी त्याचा रंग चहासारखाच. तो ओसरीवर चढला तशी तिनं पेला भरला. "काई झालं न्हाई बाबा. जरा गढूळ हाय इतकंच. बघ, पिऊन दावते."

तो माझ्याकडं वळला. "वहिनी, तुम्ही त्यातल्या. हे पाणी पिण्यासारखं आहे का?"

काकू पेला धरून माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते सांगायची गरज नाही. मी हो म्हटलं असतं तर तिनं तो पेला हसत हसत रिकामा केला असता, आणि आपल्या घरी राहिली असती, दवाखान्यात जाईपर्यंत. मी तिच्या हातातून पेला घेतला आणि अंगणात ओतला.

"नाही," मी म्हणाले. "यात आमच्या उकिरड्याचं शेण आहे. माप चुकलं, ते माझ्यामुळं चुकलं."

काकूनं वाद घातला नाही. शब्द दिला होता, तो पाळला. एक गाठोडं बांधलं, घराला कुलूप लावलं, शेळी आणून आमच्या दावणीला बांधली. आत्याबाई दारातच होत्या. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. गाडीत बसताना काकू फक्त मला म्हणाली, "मोजताना बोलायचं व्हतं, पोरी. आता खरं बोलून काय करतीस?"

आजवर कुणाचा आला नसेल एवढा राग मला त्या दिवशी स्वतःचा आला. आत्याबाईंना वाचता येत नाही. मला येतं, आणि बाभूळ मी बघितली होती.

महिन्याभरानं कामासाठी लातूरला गेले तेव्हा तिच्याकडं गेले. चांगल्या पाण्यासाठी माणूस लातूरला नेला, यातली गंमत लातूरकरांना सांगायला नको. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, प्यायला निळा जार. काकू तीन मजले उतरून जारवाल्याची वाट बघत बसायची. पूजेलाही तेच पाणी. "देव बी गप पितो," म्हणाली. "हितं दारासमोर दार हाय बघ. मधी चार पावलं. पर कोण कुणाशी बोलत न्हाई. आमचं निदान भांडण तरी व्हतं." मग चहाची बशी खाली ठेवून तिनं विचारलं, "म्हैस कशी हाय?"

"बरी आहे. गुडघे दुखतात जरा," मी म्हणाले.

"तेल लाव म्हणावं."

इकडं म्हशीची तऱ्हा वेगळी नव्हती. म्हणजे आत्याबाईंची. पहिले आठ दिवस त्यांना जिंकल्यासारखं वाटलं असेल. मग त्या जनावरांशी बोलेनाशा झाल्या. टोमणा मारायचा तर तो लागायला पलीकडं कुणीतरी पाहिजे. सकाळी उठून ओढ्यापलीकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "धूर कामून न्हाई आज?" मग आठवायचं. काकूच्या शेळीला पाला स्वतः घालायच्या. मी बघितलं की म्हणायच्या, "मुकं जनावर हाय. त्याचा काय गुन्हा?"

दिवाळीत त्या तिन्हीसांजेला दोन दिवे घेऊन निघाल्या. एक रिकाम्या खड्ड्यावर लावला, दुसरा ओढा ओलांडून विहिरीच्या कठड्यावर ठेवून आल्या. मी दारातच उभी. "उकिरड्यापाशी वारं लई हाय," त्या म्हणाल्या, "म्हून एक तिकडं ठेवला." घरातून दोन दिवे घेऊन निघतानाच त्यांना वारा कळला होता.

थंडीत त्यांनी माझ्या नवऱ्याला फर्मावलं, "ती विहीर उपसून टाक. वासानं जीव बेजार झाला." आमच्या घरापर्यंत कसलाही वास येत नव्हता. पण मत पहिल्या नंबरचं असल्यामुळं नवऱ्यानं मोटार लावली. तीन दिवस उपसा, मग गाळ काढला, कठडा उंच बांधला, मी ब्लीचिंग पावडर आणली. पाण्याचा नमुना तपासायला दिला. एकदा नापास, दुसऱ्यांदा नापास, तिसऱ्यांदा 'पिण्यास योग्य' असा कागद आला. मी तो आत्याबाईंना वाचून दाखवला. "मला काय करायचंय," म्हणाल्या, आणि कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

पुन्हा वैशाख आला. पुरानंतर जे शेण साठलं ते मी गोठ्यामागं दूर टाकायला लावलं होतं, पण कायमची जागा ठरायची होती. यंदा कुणाचं ऐकायचं नाही असं मनाशी घट्ट करून मी फीत काढली.

"फीत न्हाई."

"आत्याबाई, मागच्या खेपेला काय झालं ते—"

"फीत न्हाई म्हणलं ना! मोजणारी येऊ दे."

"कोण मोजणारी?"

त्या भडकल्या. "इतकी शिकलीस, तुला समदं फोडून सांगावं लागतं का गं? जिची विहीर तिची पावलं!"

मी लातूरला फोन लावला. रविवारी मुलगा तिला गाडीतून घेऊन आला. मोजून झालं की परत, असं त्यानं मला आधीच बजावलं होतं, आणि काकूचं गाठोडं डिकीतच होतं. पाणी चांगलं झाल्याचा कागद आत्याबाईंनी माझ्या हाती देऊन त्याच्याकडं पोचवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि खिशात ठेवला.

काकू घराकडं गेली नाही. सरळ बाभळीपाशी आली. फांद्यांत आता मागच्या पुराचा ताजा कचरा होता. तिनं खोडाला हात टेकला, ओढ्याकडं पाठ केली आणि मोजायला लागली. आत्याबाई वर उभ्या होत्या, आम्ही बाजूला. सात-आठ महिन्यांत काकू वाळली होती, तीन मजल्यांच्या पायऱ्यांनी तिचेही गुडघे खाल्ले होते. एक एक पाऊल ती जपून टाकत होती. पन्नास झाली तिथं थांबली आणि टाचेनं मातीत रेघ ओढली.

आत्याबाईंनी सवयीनं आधी म्हैस शोधली. म्हैस गोठ्यात होती. मग त्यांना इलाज राहिला नाही. सरळ काकूकडं बघून म्हणाल्या, "तुझी पावलं बारकी झालीत गं. अजून दहा टाक."

काकूनं मान वर केली नाही. "तुमचं रान जाईल की, अक्का."

"जाऊ दे. टाक."

काकूनं दहा टाकली. थोडं थांबून आणखी दोन टाकली. मुलगा गाडीकडं निघाला तेव्हा मला वाटलं, झालं, आता निघायची घाई करणार. त्यानं डिकी उघडली, गाठोडं बाहेर काढलं आणि ते खांद्यावर टाकून ओढा उतरला, पलीकडं आईच्या घराकडं.